फिट येणाऱ्या मुलाला शाळेच्या व्हॅनमधून नेता येतं का?

जून उजाडला की सोलापुरात घरोघरी एकच शोध सुरू होतो, शाळेच्या व्हॅनचा. जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे, होटगी रोड, कुठेही जा, प्रश्न तेच. जागा आहे का? महिन्याला किती घेता? सकाळी किती वाजता येणार? ज्या घरात फिट येणारं किंवा वेगळ्या गरजांचं मूल आहे, त्या घरात मात्र या सगळ्यांच्या आधी आणखी एक प्रश्न असतो : सांगायचं की लपवायचं?

तीन वर्षांपूर्वी मी सांगितलं. मुलगा पहिलीत जाणार होता. उन्हाळ्यात त्याला दोनदा फिट येऊन गेली होती आणि औषध सुरू झालं होतं. व्हॅनवाले काका भले माणूस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, रस्त्यात काय झालं तर मी गाडी बघू का पोराला बघू, सांगा की." शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, व्हॅन आमची नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मग वर्षभर मी त्याला स्कूटीवर मागे बसवून नेलं-आणलं. फिट येणाऱ्या मुलाला दुचाकीवर मागे बसवणं हे व्हॅनपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काकांचा प्रश्न खरा होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता. त्याचं पुरतं उत्तर शोधायला मला बराच काळ लागला. तेच इथे मांडते आहे.

आधी फिट म्हणजे काय ते समजून घेऊ

कोणी फिट म्हणतं, कोणी आकडी, फेफरं, मिरगी. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'मूर्छ' म्हणतात, कन्नड घरांत 'मूर्छे रोग'. डॉक्टरांच्या कागदावर 'अपस्मार' किंवा 'एपिलेप्सी' असतं.

सोलापूरकरांना मागाच्या उदाहरणाने हे लवकर कळेल. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर चादर विणताना सगळे धागे एकदम वर उचलले जात नाहीत. कार्डातल्या छिद्रांप्रमाणे ठरलेले धागे उचलले जातात, बाकीचे खाली राहतात, म्हणून नक्षी उमटते. मेंदूतल्या कोट्यवधी पेशीही अशाच आपापल्या पाळीने विजेचे बारीक संदेश सोडत असतात. फिट येते तेव्हा थोडा वेळ पुष्कळ पेशी एकाच वेळी संदेश सोडतात. सगळे धागे एकदम वर गेल्यासारखं होतं आणि नक्षी विस्कटते. माग मात्र मोडलेला नसतो. बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत तो आपणहून पुन्हा लयीत येतो. बाहेरून कोणी हात लावून तो लवकर सुरू करू शकत नाही, हे नीट ध्यानात ठेवा. पुढचे सगळे प्रथमोपचार याच एका गोष्टीवर उभे आहेत.

एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. लहान मुलांना तापात येणारी आकडी वेगळी. तसं काही कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन किंवा अधिक फिट आल्या, तर डॉक्टर साधारणपणे अपस्माराचं निदान करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि वेळेवर निदान होऊन औषधं मिळाली तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. म्हणजे व्हॅनमध्ये बसणाऱ्या बऱ्याच मुलांना औषध चालू असताना वर्षानुवर्षं फिट येणारही नाही. उरलेल्यांसाठी तयारी हवी.

व्हॅनमध्ये दिसणाऱ्या तीन फिट

पहिली सगळ्यांना माहीत असते. मूल ताठ होतं, कोसळतं, हातपाय झटके देतात, तोंडाला फेस येतो, कधी कपड्यात लघवी होते.

दुसरी कोणाच्या लक्षातही येत नाही. मूल बोलता बोलता थांबतं, काही सेकंद एकटक बघत राहतं आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे बोलू लागतं. "उतर की रे, तुझं घर आलं" अशी हाक दोनदा मारूनही मूल हललं नाही, तर मदतनीस मावशींना ते हट्टी वाटतं. पालकांनी हे आधी सांगितलेलं नसेल तर मुलाला रोज बोलणी बसतात. माझ्या माहितीतल्या एका मुलीला 'झोपाळू' हे नावच पडलं होतं. निदान झालं ते दोन वर्षांनी.

तिसरी गाडीत सगळ्यात जास्त सांभाळण्यासारखी. मूल कोसळत नाही, पण पूर्ण भानावरही नसतं. ओठ चाटतं, शर्टाची गुंडी चाळवत राहतं, मध्येच उठून चालायला लागतं. चालत्या गाडीत ते दाराकडे जाऊ शकतं. अशा वेळी हात धरून ओढायचं नाही, ओरडायचं नाही. दार आणि मूल यांच्या मध्ये उभं राहायचं आणि हलक्या आवाजात बोलत त्याला जागेवर न्यायचं. या एका कारणासाठी दाराला आतून नीट कडी असणं आणि मदतनिसाची जागा दाराशी असणं गरजेचं आहे.

चालत्या गाडीत फिट आली तर

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी बघू का पोराला बघू? चालकाने गाडी बघायची, पोराला मदतनिसाने बघायचं. ही वाटणी आधीच ठरलेली असली की निम्मा गोंधळ होतच नाही.

चालकाने दिवे लुकलुकवत गाडी कडेला घ्यायची. करकचून ब्रेक नको, सात रस्ता चौकाच्या मधोमध थांबणंही नको. पन्नास पावलं पुढे सुरक्षित जागा असेल तर तिथे थांबावं. बाकीच्या मुलांना खाली उतरवायचं नाही. रहदारीच्या रस्त्यावर उभी राहिलेली दहा मुलं हा फिटपेक्षा मोठा धोका आहे.

मदतनिसाने सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. ही गोष्ट खरंच पहिली. फिट चालू असताना बघणाऱ्याला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या वेळेवर अवलंबून असतो. मग मुलाला बाकावर आडवं करून कुशीवर वळवायचं, तोंड बाकाच्या पाठीकडे नको, मोकळ्या बाजूला. कुशीवर असलं की लाळ बाहेर वाहून जाते, घशात उतरत नाही. बाक अपुरा असेल तर दोन बाकांमधल्या वाटेत झोपवलं तरी चालतं. डोक्याखाली स्वेटर, रुमाल, काहीतरी मऊ. गळ्याची टाय, आयकार्डाची दोरी, वरची गुंडी सैल करायची, चष्मा काढायचा.

मूल व्हीलचेअरवर असेल तर त्याला खुर्चीतून ओढून काढायचं नाही. ब्रेक लावायचे, पट्टा तसाच ठेवायचा, डोक्याला हाताचा आधार द्यायचा. खाली घ्यायचं ते फिट थांबल्यावर, श्वासाला त्रास होत असेल किंवा तोंडात उलटी-लाळ साचली असेल तर.

आता काय करायचं नाही. तोंडात काहीही घालायचं नाही. ना चमचा, ना बोट, ना रुमाल. जीभ गिळली जाते ही समजूत चुकीची आहे, तसं होऊच शकत नाही. जीभ चावली जाऊ शकते, पण ती जखम भरून येते. चमच्याने तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, मुठीत किल्ली यातल्या कशाचाही उपयोग होत नाही. एक-दोन मिनिटांत फिट आपणहून थांबते आणि नेमका तेव्हा नाकाशी कांदा असतो, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजायचं नाही.

फिट पाच मिनिटं होऊनही थांबली नाही, शुद्ध यायच्या आत दुसरी आली, श्वास नीट होत नसला, डोक्याला मार लागला असला किंवा त्या मुलाची ही आयुष्यातली पहिलीच फिट असली, तर १०८ ला फोन. नाहीतर रुग्णवाहिका बोलावायची गरज नसते. फिट थांबल्यावर मूल गोंधळलेलं असतं, कुठे आहोत हे त्याला कळत नाही, खूप झोप येते. तेव्हा त्याच्याशी त्याच्या घरच्या भाषेत बोला. शाळा मराठी आणि घर तेलुगू किंवा कन्नड असणारी मुलं आपल्याकडे खूप. अर्धवट शुद्धीत आईच्या भाषेतले दोन शब्द कानावर पडले की मूल लवकर शांत होतं. व्हॅनच्या मावशींना ते दोन शब्द आधी शिकवून ठेवता येतात.

नाकातल्या फवाऱ्याचं काय?

काही मुलांना डॉक्टर फिट लांबली तर वापरायला मिडाझोलाम नावाच्या औषधाचा नाकात मारायचा फवारा देतात. फिट चालू असताना गोळी गिळता येत नाही, सुई टोचायला जाणकार लागतो, म्हणून नाकाचा मार्ग. हे रोजचं औषध नाही. कधी द्यायचं (बहुधा पाच मिनिटांनंतर), किती वेळा दाबायचं हे त्या मुलाच्या वजनावरून डॉक्टर लिहून देतात आणि लिहिलंय तेवढंच द्यायचं. या औषधाने कधी कधी श्वास मंदावतो, म्हणून फवारा दिला की १०८ लाही फोन करायचा आणि मुलाजवळून हलायचं नाही.

सोलापूरसाठी आणखी एक. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या व्हॅनच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. फवारा गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवू नका. मुलाच्या दप्तराच्या ठरलेल्या कप्प्यात, छोट्या पाऊचमध्ये असू द्या आणि दप्तर मुलाबरोबर वर्गात जाऊ द्या. संपायची तारीख पालकांनी बघायची, मावशींनी नाही.

व्हॅनवाले किंवा शाळा 'नाही' म्हणू शकतात का?

इथे कायदा थोडा नीट वाचावा लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ मध्ये सर्वसमावेशक शिक्षणासाठी काय काय करायचं ते दिलं आहे आणि त्यात प्रवासाचा उल्लेख अगदी स्पष्ट आहे : दिव्यांग मुलांसाठी वाहतुकीची सोय, आणि ज्यांना जास्त आधार लागतो अशा मुलांबरोबरच्या मदतनिसासाठीही. हे कलम शासनाने अनुदान दिलेल्या शाळांपुरतं नाही, मान्यता दिलेल्या शाळाही त्यात येतात. पण शब्दरचना अशी आहे की शाळांकडून हे घडेल यासाठी शासनाने आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करायचे आहेत. म्हणून हा कागद दाखवला की दुसऱ्या दिवशी दारात रॅम्पची बस उभी राहील, असं समजू नका. बोलणी सुरू करायला मात्र याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

दुसरी अडचण जास्त घरांना भेडसावते. या कायद्याच्या यादीत २१ प्रकारची दिव्यांगता आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा कमी असणं), स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, कमी दृष्टी, श्रवणदोष हे सगळं त्यात आहे. अपस्माराचं नाव मात्र नाही. ज्या मुलाला अपस्माराबरोबर सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगता आहे, त्याला त्या कारणाने दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. फक्त फिट येणाऱ्या मुलाला बहुधा मिळत नाही, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवर बेतलेल्या योजना त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पण त्याच कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या बरीच रुंद आहे. दीर्घकाळच्या शारीरिक किंवा मानसिक त्रुटीमुळे, भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडून, ज्याला इतरांसारखं सहभागी होता येत नाही ती व्यक्ती. मुलाला फिट येते म्हणून व्हॅन मिळत नाही आणि व्हॅन नाही म्हणून शाळा बुडते, हा अडथळा याच वर्णनात बसतो असं माझं मत आहे. अर्जात ते तसंच लिहावं.

आता "व्हॅन आमची नाही" या उत्तराकडे येते. महाराष्ट्रात शालेय बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी हे तिच्यात असतात. मुलांची सुरक्षित ने-आण, थांबे, भाडं हे या समितीने बघायचं आहे. गाडीत मदतनीस हवा, मुली असतील तर महिला मदतनीस हवी, प्रथमोपचार पेटी आणि आग विझवायचं सिलिंडर हवं, हेही नियमांत आहे. गाडी कोणाच्या नावावर आहे याने शाळेची जबाबदारी संपत नाही.

तेव्हा अर्ज वर्गशिक्षकांना तोंडी न सांगता मुख्याध्यापकांच्या नावे, 'शालेय परिवहन समितीपुढे ठेवावा' असं लिहून द्या आणि पोच घ्या. पुढची पायरी शिक्षणाधिकारी. गाडीबद्दलच तक्रार असेल तर आरटीओ. दिव्यांगत्वाचा मुद्दा असेल तर पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त. माझा अनुभव विचाराल तर पोच घेतलेल्या पहिल्या कागदावरच बरंच काम झालं.

"पण काही वाईट झालं तर आम्ही अडकू"

चालक-मदतनिसांची ही भीती पोकळ नाही. त्यांच्या हातात महिन्याचे मोजके पैसे पडतात आणि पोलीस ठाण्याची एक फेरीसुद्धा त्यांना परवडत नाही. "माणुसकी दाखवा" एवढं सांगून त्यांची समजूत घालणं मला पटत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम २७ (जुन्या दंड संहितेतलं ८९) सांगतं की १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूने, पालकाच्या संमतीने केलेली कृती, काही ठरावीक अपवाद सोडले तर, गुन्हा होत नाही. कलम ३० मध्ये तर तातडीच्या वेळी संमती घेणं शक्यच नसेल तरी भल्यासाठी केलेल्या कृतीला संरक्षण आहे. म्हणूनच पालकांनी मदतनिसाच्या हातात लेखी संमती द्यायची : या मुलाला अशी फिट येते, तेव्हा हे हे करावं, यासाठी आमची परवानगी आहे. खाली आईवडिलांची सही आणि डॉक्टरांची सही-शिक्का. हा कागद मुलाइतकाच मावशींच्या रक्षणासाठी आहे. ते त्यांना समजावून सांगितलं की चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे मी पाहिलं आहे.

"बाकीची मुलं घाबरतील"

पहिल्यांदा घाबरतात. माहीत असलं की घाबरत नाहीत. फिट पसरत नाही, शिवल्याने लागत नाही, हे मुलांना एकदा सांगितलं की पुरतं. गेल्या वर्षी आसरा चौकाच्या अलीकडे माझ्या मुलाला गाडीत फिट आली. मावशींनी घड्याळ बघितलं, त्याला कुशीवर घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी माना खिडकीकडं करा आणि सातचा पाढा म्हणा." पाढा दोनदा झाला आणि फिट थांबली. दोन मिनिटं दहा सेकंद, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. संध्याकाळी एक मुलगी त्याची राहिलेली पाण्याची बाटली घेऊन आमच्या दारात आली, "आता बरा आहे का तो?" असं विचारायला.

"मग अशा मुलांना विशेष शाळेतच घालावं"

ज्यांना विशेष शाळेचा फायदा आहे त्यांनी जरूर जावं. पण अपस्मार असलेल्या बहुतेक मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. दिवसाच्या दोन अर्ध्या तासांच्या प्रवासासाठी मुलाची अख्खी शाळा बदलणं हा उलटा हिशोब झाला. आणि विशेष शाळेतही जावं लागतं ते गाडीनेच.

"सांगितलं तर पुढे मुलीच्या लग्नाला अडेल"

हे कोणी चारचौघांत बोलत नाही, पण लपवण्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच. एकेकाळी कायद्यातही तसंच होतं. वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा उल्लेख हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात लग्नाला अडसर म्हणून होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने पाव शतकापूर्वी सोडलेली गोष्ट आपण अजून धरून बसलो आहोत. सगळ्या गल्लीला सांगा असं मी म्हणत नाही. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, चालक आणि मदतनीस, एवढ्या चौघांना सांगा. न सांगता बसवलेल्या मुलीला गाडीत फिट आली तर पहिली पाच मिनिटं सगळे कांदा शोधण्यात घालवतील.

फिट सोडून बाकीच्या गरजा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची मान आणि कंबर गतिरोधकावरच्या प्रत्येक धक्क्याला कमी ताकदीने सावरली जाते, म्हणून त्याला मागच्या चाकावरचा बाक नको, पुढचा हवा. बाजूंना उशा आणि नीट बसणारा पट्टा हवा. चढायची पायरी उंच असेल तर भक्कम लाकडी पाट करून घेता येतो, त्याला खर्च फारसा नाही. मूल साध्या बाकावर बसत असेल तर मिटलेली व्हीलचेअर मागे बांधून ठेवावी. वाटेत उभी केलेली सुटी खुर्ची अपघातात सगळ्यांवर येते.

ऐकू न येणाऱ्या मुलाला खरा धोका गाडीत नसतो, उतरल्यावर असतो. गाडीच्या पुढून रस्ता ओलांडताना त्याला मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणार नाही. त्याला हात धरूनच पलीकडे न्यायचं, आणि शक्य असेल तर थांबा घराच्याच बाजूला ठेवायचा.

स्वमग्न मुलाला ठरलेली जागा, ठरलेला रस्ता, ठरलेला क्रम लागतो. आपल्या गावात ते सोपं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या भोवतालचे रस्ते वळवतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गर्दी लोटते, गणपतीत आणि जयंत्यांना डीजेचा आवाज. मोठ्यांना जे वातावरण उत्साहाचं, ते अशा मुलाला अंगावर कोसळल्यासारखं वाटतं. रस्ता बदलणार असेल तर आदल्या संध्याकाळी व्हॅनवाल्यांनी पालकांना एक मेसेज टाकावा. मग घरी चित्र काढून दाखवता येतं : उद्या गाडी इकडून जाणार. कानावर आवाज अडवणारे हेडफोन असतील तर ते लाडाने घातलेले नाहीत हे इतरांना कळायला हवं.

बौद्धिक दिव्यांग मुलासाठी एकच नियम, पण काटेकोर : हातातून हातात. घरचं ठरलेलं माणूस थांब्यावर नसेल तर मूल उतरवायचं नाही.

आणि एक बारीक गोष्ट. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी काही मुलांना डॉक्टर कीटोजेनिक आहार देतात, त्यात साखर जवळपास बंद असते. व्हॅनमध्ये कोणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट फिरतं तेव्हा या मुलाचं काय, ते आधी ठरवून ठेवा. त्याच्या आईने दिलेलं वेगळं काहीतरी मावशींच्या पिशवीत असू द्या, म्हणजे त्या वेळी त्याचा हात रिकामा राहणार नाही.

खर्च कोण करणार?

शासकीय, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ता आहे. त्याची चौकशी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे करा. प्रमाणपत्रासाठी आधी यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज. बाकी, वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागतच नाहीत. एक कागद, अर्ध्या तासाचं शिकवणं आणि बसायची जागा बदलणं, एवढंच.

घरच्यांनी करायचं काम

झोप अपुरी झाली, गोळी चुकली, ताप आला की फिटची शक्यता वाढते. पहाटेची व्हॅन या पहिल्या दोन्ही गोष्टी बिघडवते. मूल अर्धवट झोपेत उठतं, उलटी होईल म्हणून काही खात नाही आणि गोळी राहून जाते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे निर्देश २०२४ मध्ये राज्य शासनाने दिले, त्यामागे मुलांच्या झोपेचंच कारण होतं. तुमच्या शाळेची वेळ लवकरची असेल तर निदान गाडीच्या फेरीत तुमचं मूल शेवटी घ्यायला सांगा. आमच्या गाडीत एवढ्या एका बदलाने त्याला पाऊण तासाची जास्त झोप मिळाली. ज्या दिवशी गोळी चुकली असेल किंवा अंगात कणकण असेल त्या दिवशी ते मावशींना सांगूनच मुलाला गाडीत बसवा.

आणि तो कागद. एकाच पानाचा, मोठ्या अक्षरात. मुलाचा फोटो, फिट कशी दिसते, बहुधा किती वेळ चालते, काय करायचं, काय नाही, १०८ ला कधी, जवळचं रुग्णालय कुठलं, फवारा कुठल्या कप्प्यात, घरची भाषा, आणि तीन फोन नंबर. तिसरा नंबर असा हवा की जो माणूस भर दुपारीही फोन उचलतो. आमच्या कागदावर तो मुलाच्या आत्याचा आहे. एक प्रत गाडीत, एक वर्गात, एक ऑफिसात.

स्कूटीच्या त्या वर्षानंतर मी हाच कागद घेऊन पुन्हा त्याच काकांकडे गेले होते. त्यांनी तो वाचला, मावशींना वाचून दाखवला, आणि तिसरा नंबर लागतो का ते माझ्यासमोरच लावून बघितलं. मग म्हणाले, "सोमवारपासून आणा." या जूनमध्ये कागद बदलायचा आहे. मुलाचं वजन चार किलोंनी वाढलं, डोस बदलला आणि फोटोही जुना झाला.